गुदगुल्यांचे हसू

वार्षिक अंकाच्या मराठी विभागात सद्वर्तन, स्वाध्याय, थोरांची चरित्रे, निसर्गवर्णने असे भारदस्त विषय वाचण्याची आमच्या वाचकांस सवय आहे. त्या पंक्तीत गुदगुल्यांचेही पान मांडलेले पाहून कित्येक पालकांच्या कपाळास आठी पडेल, आणि कित्येक विद्यार्थी हेच पान सर्वांआधी उघडतील. दोघांसही आमचे सांगणे असे की, हा विषय दिसतो तितका पोरकट नाही. अ‍ॅरिस्टॉटल, बेकन व डार्विन यांच्यासारख्यांनी त्यावर विचार केला आहे, आणि आमच्या स्वतःच्या काळातील शास्त्रज्ञ प्रयोगशाळांत बसून त्याचा शोध करीत आहेत. परंतु केवळ थोरांनी विचार केला म्हणून आम्ही लेखणी उचलली असे नाही. शाळेत वावरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या कानावर एक वाक्य वारंवार पडते: "सर, आम्ही नुसत्या गुदगुल्या करत होतो. तो तर हसत होता!" हे वाक्य बहुधा खरे असते. तो मुलगा खरोखरच हसत असतो. प्रश्न एवढाच आहे की, त्या हसण्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी. आमच्या मते ती मुळीच ग्राह्य धरू नये. आणि असे का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दांतील घोळ दूर करू. गुदगुल्या या एका नावाखाली आपण दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. मानेवरून मुंगी चालत गेली, कानापाशी पिसाचे टोक फिरले, की अंगावर काहीतरी सुळसुळते. आपण हात झटकतो, तेथे खाजवतो, पण हसत नाही. माशी बसली असता गाय किंवा घोडा तेवढ्याच जागेची कातडी थरथरवितो, तोही याच जातीचा प्रकार. दुसरा प्रकार निराळा. त्यात काखेत, बरगड्यांवर, पोटावर किंवा तळपायांवर दुसऱ्याची बोटे जरा जोराने व पुनःपुन्हा खेळतात आणि माणूस अंग आक्रसून खदखदा हसू लागतो. १८९७ साली स्टॅन्ली हॉल व आर्थर अ‍ॅलिन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या दोहोंस ग्रीक भाषेवरून 'निस्मेसिस' व 'गार्गालेसिस' अशी दोन स्वतंत्र नावे दिली. नावे जिभेला जड आहेत, पण भेद मोलाचा आहे. यापुढे आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या, हसविणाऱ्या प्रकाराविषयीच.

अ‍ॅरिस्टॉटलने प्राण्यांच्या अवयवांविषयी लिहिताना असे प्रतिपादिले की, गुदगुल्या माणसासच तेवढ्या होतात. याचे एक कारण माणसाची त्वचा पातळ आहे हे, आणि दुसरे असे की, सर्व प्राण्यांत हसणारा प्राणी तोच एक. पुढे कित्येक शतके हे वचन प्रमाण मानले गेले. आज ते तसे मानता येत नाही. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी व बोनोबो या महाकपींच्या पिलांना गुदगुल्या केल्या असता ती धापा टाकल्यासारखा एक आवाज काढतात. २००९ साली मरीना डाव्हिला रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आवाजांची मानवी अर्भकांच्या हसण्याशी तुलना केली, तेव्हा त्यांत इतके साम्य आढळले की, ही सर्व हास्ये एकाच पुरातन मुळापासून फुटली असावीत असा त्यांनी निष्कर्ष काढला. म्हणजे गुदगुल्यांचे हसू विनोदाहून जुने, भाषेहून जुने, किंबहुना माणसाहूनही जुने आहे. एवढी जुनी गोष्ट आपल्या इच्छेच्या ताब्यात नसली तर त्यात नवल कोणते?

आता एक प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनी आज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या करून पाहावा. स्वतःच्या तळपायास स्वतःच गुदगुल्या करून पाहाव्या. कितीही युक्त्या लढविल्या तरी हसू येणार नाही. याचे कारण लंडन येथील सेरा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोलपर्ट व ख्रिस फ्रिथ या तिघांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून बरेच उलगडले आहे. आपण हात हलविण्याची आज्ञा देतो तेव्हा मेंदू केवळ आज्ञाच देत नाही. या हालचालीमुळे शरीरास काय जाणवेल याचा अंदाजही तो आधीच बांधून ठेवतो, आणि प्रत्यक्ष स्पर्श अंदाजाप्रमाणे आला की त्याची तीव्रता कमी करतो. या हिशेबात लहान मेंदूचा मोठा भाग असतो. पुढे त्यांनी एक गमतीची योजना केली. माणसाने एका हाताने यंत्राची दांडी हलवावी आणि त्याच हालचालीबरहुकूम यंत्राने त्याच्या दुसऱ्या तळहातावर मऊ स्पर्श करावा, पण किंचित उशिराने. हा उशीर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत वाढवीत नेला तसतसा स्पर्श अधिकाधिक गुदगुल्यांसारखा वाटू लागला. स्पर्श तोच, हात तोच; फक्त मेंदूचा अंदाज चुकू लागला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. जे आपल्या ताब्यात नाही आणि नेमके कोठे व केव्हा येईल हे जे कळत नाही, त्याच्याच गुदगुल्या होतात. डार्विनने १८७२ सालच्या आपल्या भावदर्शनावरील ग्रंथात हेच हेरले होते. आमच्या घरोघरी आज्या नातवंडांशी एक खेळ खेळतात. बाळाच्या तळहातावर बोट फिरवायचे, मग दोन बोटे एखाद्या वाटसरूप्रमाणे मनगटावरून कोपरापर्यंत हळूहळू चालवीत न्यायची, मध्येच थांबायचे, आणि एकदम काखेत शिरायचे. ज्याने हा खेळ पाहिला आहे त्यास ठाऊक आहे की, बोटे कोपरापर्यंत पोहोचतात न पोहोचतात तोच बाळ हसू लागते. अजून काखेस स्पर्शही झालेला नसतो! आजीचे सगळे कौशल्य त्या मध्येच थांबण्यात आहे.

परंतु तीच बोटे परक्या माणसाची असती तर? डार्विनने याचेही उत्तर दिले आहे. अनोळखी पुरुषाने लहान मुलास गुदगुल्या केल्या तर ते भीतीने किंचाळेल. म्हणून गुदगुल्यांनी हसू यावयाचे तर मन आधीच प्रसन्न असले पाहिजे, असे त्याचे मत. याच्या उलट, त्याच्या अडीचशे वर्षे आधी होऊन गेलेल्या फ्रान्सिस बेकनने नमूद करून ठेवले आहे की, दुःखात असलेल्या माणसासही गुदगुल्या केल्या असता कधीकधी हसू आवरत नाही. दोघेही सूक्ष्म निरीक्षक. मग खरे कोणाचे? आम्हांस वाटते, दोघांचेही. भय अतिशय झाले तर हसू मुळीच फुटत नाही, हे डार्विनचे खरे. पण हसू फुटले म्हणजे मन प्रसन्न आहेच, असे उलट दिशेने मात्र म्हणता येत नाही, हे बेकनचे खरे. शाळेतील आमचे सारे भांडण या उलट दिशेच्या अनुमानाशी आहे.

डार्विनचा व त्याच सुमारास १८७३ साली लिहिणाऱ्या एवाल्ड हेकर या जर्मन वैद्याचा असा समज होता की, विनोदाचे हसू व गुदगुल्यांचे हसू ही सख्खी भावंडे आहेत. विनोद म्हणजे जणू मनाला केलेल्या गुदगुल्याच. कल्पना मोठी गोड आहे. आमच्या भाषेनेही तिला हातभार लावला आहे, कारण स्तुती ऐकून माणूस सुखावला की त्याच्या मनात गुदगुल्या झाल्या असे आपण म्हणतो. परंतु गोड कल्पनाही पारखून घ्यावी लागते. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे क्रिस्टीन हॅरिस व निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी ती पारखली. विनोदी चित्रफीत पाहून हसलेला मनुष्य पुढच्या विनोदास अधिक सहज हसतो, हा तर आपला नित्याचा अनुभव. मैफल एकदा रंगली की फुसक्या कोटीलाही दाद मिळते. मग विनोदाने मन असे तापविल्यावर गुदगुल्यांनाही अधिक हसू यावयास हवे, आणि गुदगुल्यांनी हसविल्यावर विनोद अधिक रुचावयास हवा. १९९७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यांतले काहीच घडले नाही. दोन्ही हास्ये तोंडावर सारखी दिसत होती, पण एकाची ऊब दुसऱ्यास लागत नव्हती.

त्याच दोघांनी १९९९ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गुदगुल्यांचे हसू हा स्नेहाचा आविष्कार असेल तर निर्जीव यंत्राने केलेल्या गुदगुल्यांनी ते येऊ नये. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांचे डोळे बांधून एकदा माणूस गुदगुल्या करील व एकदा यंत्र करील असे त्यांस सांगितले. यंत्राचा देखावा व आवाज यांची सिद्धता चोख होती. वस्तुतः दोन्ही वेळा गुदगुल्या करणारा लपून बसलेला एकच इसम होता. विद्यार्थी यंत्र समजूनही तितकेच हसले. लोखंडावर कोणी माया करीत नाही. तरी हसू आले.

याहून जुनी एक हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ती क्लॅरेन्स ल्यूबा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. मूल गुदगुल्यांना हसते ते भोवतालची माणसे हसतात म्हणून शिकते, की उपजतच? हे ठरविण्यासाठी त्याने आपले घरच प्रयोगशाळा केले. तान्ह्या मुलास ठरल्या वेळेखेरीज कोणी गुदगुल्या करावयाच्या नाहीत, आणि त्या वेळी तो स्वतः तोंडावर पुठ्ठ्याचा मुखवटा धरून, आपले हसू बाळास दिसणार नाही अशा बेताने गुदगुल्या करी. मध्यंतरी एकदा बाळाच्या आईकडून बाळाला खेळविताना हा नेम मोडला, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदविले आहे. त्या माउलीस दोष कोण देईल! सुमारे सात महिन्यांचे झाल्यावर ते मूल मुखवट्यासमोरही गुदगुल्यांना हसू लागले. पुढे झालेल्या मुलीचीही तीच गत. १९४१ साली ल्यूबाने हा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोन मुलांवरून सिद्धान्त बांधू नये हे खरे, परंतु यंत्राच्या प्रयोगाशी तो जुळतो. हे हसू कोणी शिकवावे लागत नाही, आणि समोर हसरा चेहरा असावा लागतो असेही नाही.

मग ते हसू आहे तरी काय? येथे शास्त्राने दिलेली माहिती पालकांनी लक्षपूर्वक वाचावी. १९३९ साली इंग्वे झॉटरमन या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाने मांजरांच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून दाखविले की, गुदगुल्यांची संवेदना केवळ स्पर्शाच्या तंतूंवर अवलंबून नसून वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंचाही तिच्यात भाग असतो. २००५ साली हॅरिस यांनी आणखी एका सहकाऱ्यासह विनोद ऐकताना, गुदगुल्या होताना व वेदना होताना माणसांच्या चेहऱ्यावरील एकेका स्नायूची हालचाल तपासली. गुदगुल्यांच्या वेळी खऱ्या आनंदात दिसते तसे हसू होते, आणि त्याच चेहऱ्यावर वेदनेत दिसणाऱ्या हालचालीही होत्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रणावरून असेही दिसले की, माणूस मुद्दाम हसून दाखवितो तेव्हा स्वस्थ असणारा हायपोथॅलॅमस नावाचा भाग गुदगुल्यांच्या हसण्यात जागृत होतो. मेंदूच्या तळाशी असलेला हा भाग भूक, तहान, अंगाची ऊब, संकटात अंग चोरणे वा उलटून पडणे अशा अगदी मूळच्या व्यवहारांशी निगडित आहे. सारांश, हे हसू मनाच्या दिवाणखान्यातून येत नाही, शरीराच्या तळघरातून येते.

जेथे गुदगुल्या सर्वाधिक होतात त्या जागाही विचार करण्याजोग्या आहेत. मान, काख, बरगड्या, पोट या बहुतेक अशा जागा की, तेथे घाव बसला तर प्राणांशी गाठ. तेथे बोट लागताच हात आपोआप आड येतात, खांदे वर उचलतात, अंगाची गुंडाळी होते. यावरून काही विद्वान असा तर्क करतात की, गुदगुल्या ही पिलांना आपली नाजूक ठिकाणे राखण्यास शिकविणारी निसर्गाची तालीम असावी. आणि शिकविणाऱ्याने तालीम मध्येच सोडून जाऊ नये म्हणून शिष्याच्या मुखावर हसू ठेवले असावे. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु तो खरा असेल तर त्यातून निघणारी गोष्ट मोठी विलक्षण आहे. हातपाय म्हणतात 'दूर हो', आणि तोंड म्हणते 'चालू दे'. दोहोंपैकी कोणाचे ऐकावे?

हास्य एकच नसते, हे आपल्या पूर्वजांस नवीन नव्हते. भरताच्या नाट्यशास्त्रात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे हास्याचे सहा भेद सांगितले आहेत. हास्य उत्पन्न करणाऱ्या कारणांच्या यादीत तेथे 'कुहक' असा एक शब्द येतो, आणि सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचा काश्मिरी टीकाकार अभिनवगुप्त त्याचा अर्थ लहान मुलांच्या काखेस, मानेस वगैरे स्पर्श करणे असा देतो. रसचर्चेत मग्न असलेल्या त्या पंडिताला आळीतली पोरेही दिसत होती, याचे आम्हांस कौतुक वाटते. आमच्या पवित्र शास्त्रात पाहू गेल्यास, इसहाक या नावाचाच अर्थ 'तो हसतो' असा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात त्याच्या जन्माची वार्ता ऐकून अब्राहाम हसतो ते आश्चर्याने. सारा तंबूच्या दाराआड हसते ती अविश्वासाने, आणि मग भिऊन आपण हसलोच नाही असे म्हणते. मूल झाल्यावर तिच हसते ती कृतार्थतेने. आणि पुढे दासीचा मुलगा हसतो त्यात कित्येकांनी उपहास पाहिला आहे. इब्रीत या सर्व ठिकाणी धातू एकच. एका कुटुंबात, एका शब्दात, चार निरनिराळी हसणी! ज्याला ती वेगळी ओळखता येत नाहीत त्याला ती कथाच कळणार नाही.

आता वसतिगृहात येऊ. रविवारची दुपार आहे. जेवणे आटोपली आहेत, देखरेख करणारे जरा पाठ टेकून पडले आहेत. नववीचे चौघे पाचवीतल्या एका पोरास खाटेवर पाडतात. एक हात धरतो, एक पाय धरतो, उरलेले दोघे कामास लागतात. पोरगा हसतो, किंचाळतो, पुन्हा हसतो. मधूनमधून "सोडा ना, सोडा" असे शब्द निसटतात, पण ते हसण्यात बुडून जातात. श्वास लागतो, डोळ्यांतून पाणी वाहते. भोवती उभी असलेली मुलेही हसू लागतात, कारण हसू हे सांसर्गिक आहे. त्यांच्या मनात कपट असतेच असे नाही. व्हरांड्यातून जाणाऱ्या शिक्षकाच्या कानी केवळ खिदळणे पडते आणि मुले आनंदात आहेत असे समजून तो पुढे जातो. हेच चौघे त्यास चिमटे काढीत असते तर तो रडला असता, आणि रडणे ऐकून कोणीतरी धावले असते. गुदगुल्यांचा वळ उठत नाही. दांडगाईला इतके सोयीचे दुसरे हत्यार आम्हांस माहीत नाही.

सुटल्यावर तो मुलगा तक्रार करीत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. तो स्वतःच हसला होता. त्याच्याच तोंडाने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. आपल्याला हे आवडले नाही असे त्यास ठामपणे जाणवते, पण मग आपण हसलो कसे याचा उलगडा त्यास होत नाही. आणि ज्याचा स्वतःलाच उलगडा होत नाही ते थोरांस काय सांगणार? अशा मुलास आम्ही येथे मुद्दाम सांगू इच्छितो की, बाळा, तुझे हसणे ही तुझी संमती नव्हती. थंडीने दात वाजावे, कांदा चिरताना डोळ्यांस पाणी यावे, तसे ते हसणे होते. तू खुशाल येऊन सांग. आणि जे शिक्षक किंवा गृहपाल ती तक्रार ऐकतील त्यांनी "पण तू हसत होतास ना?" हा प्रश्न तोंडातून काढू नये.

येथे कोणी म्हणेल, मास्तरांनी आता गुदगुल्यांवरही बंदी घातली! तसे मुळीच नाही. आजीच्या खेळाचे वर्णन आम्ही काही निषेधासाठी केले नाही. या बाबतीत उंदीर आपल्याला धडा देतात. याक पँकसेप या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत असे दाखविले की, उंदरांच्या पिलांना हाताने गुदगुल्या केल्या असता ती सुमारे पन्नास हजार हर्ट्झ इतक्या उंच स्वरात चिवचिवतात. माणसाच्या कानाची मजल वीस हजारांच्या पलीकडे जात नाही, म्हणून हे चिवचिवणे यंत्रावाचून आपणांस ऐकू येत नाही. बर्लिन येथे शिम्पेई इशियामा व मिखाएल ब्रेख्ट यांनी २०१६ साली हेच प्रयोग पुढे नेले. गुदगुल्या थांबवून हात दूर नेला की त्यांचे उंदीर त्या हाताच्या मागे धावत. मात्र त्याच उंदरांस उंच जागी, झगझगीत प्रकाशात ठेवले, म्हणजे त्यांस भय वाटेल असे केले, की त्याच गुदगुल्यांनी चिवचिवणे फारच मंदावे. या प्रयोगातली मोलाची गोष्ट आमच्या मते चिवचिवणे ही नव्हे. हात दूर नेल्यावर उंदीर काय करतो, ती आहे. तो मोकळा होता. पळून जाऊ शकत होता. तो परत आला.

हीच कसोटी मुलांस लावावी. नववीतले आमचे मित्र म्हणतात, "सर, तो 'पुरे पुरे' म्हणतो आणि मग स्वतःच परत येतो." ठीक आहे; येऊ द्या. परत आला तर खेळ, न आला तर खेळ संपला. पण तो परत येतो की नाही हे कळण्यासाठी आधी त्यास सोडले पाहिजे, आणि चौघांनी हातपाय धरलेल्या मुलास ही परीक्षा देताच येत नाही. म्हणून नियम एकच असावा: 'पुरे' हा शब्द उच्चारला गेला, मग तो हसत उच्चारलेला असो की रडत, की हात त्याच क्षणी दूर व्हावे. शब्द अस्पष्ट आला, तो खरा की लटका हे कळले नाही, तरीही दूर व्हावे. आणि एकाने दुसऱ्यास धरून ठेवणे हे तर कोणत्याही परिस्थितीत नको.

घरी ही गोष्ट शाळेहून अवघड असते, कारण तेथे दांडगाई नसते, केवळ प्रेम असते. सुटीत मामा येतात, काका येतात, आल्या आल्या भाच्या-पुतण्यांस उचलून गुदगुल्यांनी बेजार करतात. मूल अंग चोरते, आईच्या पदराआड जाते, तेव्हा आईच म्हणते, "अरे, मामा आहे ना तुझा! असं काय करतोस?" मामांच्या प्रेमाविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तथापि मुलाने त्या प्रसंगातून काय शिकावे? २०१२ साली आपल्या देशात लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा झाला. आज अनेक शाळांत मुलांस शिकविले जाते की, तुझे शरीर तुझे आहे, नको असलेल्या स्पर्शास मोठ्याने 'नको' म्हण. आम्ही वर्गात हे शिकवावे आणि घरी त्याच मुलाने दहा वेळा 'नको' म्हटल्यावर सगळ्यांनी मिळून हसावे, तर त्या धड्याचे मोल काय राहिले? माणूस आपला असला की 'नको' चालत नाही, असा दुसराच धडा ते मूल घेऊन बसेल. आणि मुलांचा गैरफायदा घेणारा मनुष्य फार वेळा ओळखीचाच असतो. मामांनी भाच्याच्या पहिल्या 'नको' लाच हात मागे घेतला तर भाच्याचे मामांवरील प्रेम उणे होणार नाही. उलट, आमचा अनुभव असा की, पाच मिनिटांत तोच भाचा मामांच्या मांडीवर येऊन बसतो.

राहता राहिली ती तान्ही बाळे. त्यांस 'पुरे' म्हणता येत नाही, मग त्यांच्या बाबतीत कसे करावे, असे एका मातेने पालकसभेनंतर आम्हांस विचारले होते. बाळ बोलत नसले तरी मुके नसते. पुरे झाले की ते तोंड फिरविते, पाठीची कमान करते, हाताच्या मुठी वळते, हसण्याचा सूर बदलून त्यात उचकीसारखा तुटकपणा येतो. पण हे सारे ओळखता येईलच असे नाही, म्हणून सोपी रीत अशी की, थोडा वेळ खेळवून झाल्यावर आपले दोन्ही हात उचलून बाळाला दिसतील असे वर धरावे आणि उगाच राहावे. बाळ त्या हातांकडे पाहते. हवे असेल तर पाय झाडून, हात पसरून ते हात पुन्हा खाली मागते. नको असेल तर खिडकीकडे, पाळण्याच्या चिमण्यांकडे, किंवा स्वतःच्याच अंगठ्याकडे पाहू लागते.